विहिरीवरची मोटर घरबसल्या कशी सुरू होते?

रात्रीचे साडेअकरा. या आठवड्यात शेतीच्या लाईटची पाळी रात्रीची आहे. घरातला कर्ता माणूस अंथरुणावर बसल्या बसल्या मोबाईल घेतो आणि ‘विहीर’ या नावाने सेव्ह केलेला नंबर लावतो. पलीकडून टूं-टूं असा आवाज येतो. तो एक आकडा दाबतो नि फोन ठेवून देतो. तिकडे दीड किलोमीटरवरच्या मळ्यात पाच एचपीची मोटर सुरू होते, ठिबकच्या नळ्या भरू लागतात.

हे आता इतकं सर्रास झालंय की कुणाला त्याचं नवल वाटत नाही. पण दोन प्रश्न विचारून बघा. फोनवरून तर नुसता आवाज जातो. आवाजाने ४१५ व्होल्टची मोटर फिरते कशी? आणि विहिरीतलं पाणी तळाला गेलं की हीच मोटर आपणहून बंद पडते, तसा मेसेजही मालकाला येतो. विहिरीत तर काहीच सोडलेलं नसतं. मग पाणी संपल्याचं पेटीला कळतं कुठून?

शेती, वीज आणि दूरसंचार या तीन शाखांचं शास्त्र पत्र्याच्या एका पेटीत कसं एकत्र आलं, ते या दोन प्रश्नांच्या उत्तरांत दिसतं. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत आपल्याकडे झालेल्या उपयोजित संशोधनातलं हे सर्वांत कामाचं, आणि सर्वांत कमी बोललं गेलेलं उदाहरण आहे.

रात्रीच्या लाईटची अडचण

शेतीपंपाला थ्री फेज वीज चोवीस तास मिळत नाही. बऱ्याच ठिकाणी गावठाणाचा फीडर वेगळा आणि शेतीचा वेगळा. शेतीच्या फीडरवर ठरावीक तासच वीज सोडतात, आणि तीही वर्षानुवर्षं पाळीपाळीने सोडत आले: आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. मध्यरात्री शहरांची नि कारखान्यांची मागणी उतरते, तेव्हा शेतीचा भार घेणं वीज कंपनीला सोपं जातं. हिशेब बरोबर आहे, पण त्याची किंमत रात्री दारं धरायला जाणारा माणूस मोजतो. अंधार, साप, थंडीतलं गुडघाभर पाणी. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागांत उसात बिबट्या दबा धरून असतो. दिवसा वीज द्या, ही तिथल्या शेतकऱ्यांची मागणी जिवाच्या भीतीतून आलेली आहे.

त्यात लाईटचा भरवसा नाही. मळ्यात जाऊन मोटर चालू करावी आणि घरी पोचेपर्यंत लाईट गेलेली असावी, हे नेहमीचंच. परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही. ती का होत नाही, हे कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

पेटीतला लोहचुंबक

विहिरीवरच्या पेटीत, म्हणजे स्टार्टरमध्ये, दोन बटणं असतात, हिरवं नि लाल. हिरवं बटण मोटरीला थेट वीज देत नाही. ते फक्त एका कॉईलला वीज देतं. तांब्याच्या तारेच्या या वेटोळ्यातून प्रवाह गेला की त्याचा लोहचुंबक होतो, तो समोरची लोखंडी पट्टी ओढून घेतो आणि त्या पट्टीबरोबर तिन्ही फेजचे जाड संपर्क जुळतात. खट्ट असा आवाज येतो तो याचाच. आता मोटरीला वीज मिळाली.

बोट उचलल्यावर कॉईलची वीज तुटायला हवी. तशी ती तुटत नाही, कारण त्याच पट्टीवर एक छोटा जादा संपर्क असतो, तो पट्टी ओढली जाताच हिरव्या बटणाच्या बगलेने कॉईलला वीज पुरवायला लागतो. थोडक्यात, कॉईल स्वतःलाच धरून ठेवते. लाल बटण दाबलं किंवा लाईट गेली की चुंबकत्व जातं, पट्टी सुटते, जादा संपर्कही सुटतो. लाईट परत आली तरी कॉईलला वीज मिळायची वाट बंद असते. कुणीतरी येऊन हिरवं बटण दाबेपर्यंत मोटर गप्प राहते.

ही रचना मुद्दाम केलेली आहे. वीज अचानक येऊन यंत्र फिरू लागलं तर जवळ उभ्या माणसाला इजा होऊ शकते. पण रात्री दोनला पुन्हा मळ्यात जाणं कुणाला परवडणार? म्हणून शेतकऱ्यांनी एक उपाय शोधला, ‘ऑटो’. हा छोटा स्विच लाईट आली की आपणहून हिरव्या बटणाचं काम करतो. स्वस्त, सोपा आणि गावोगाव पोचलेला. डीपी, म्हणजे मोटरींना वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, जळण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक कारणही तोच.

ऑटोने डीपी का जळते

पाच एचपीची मोटर नेहमीच्या वेगाने फिरत असताना प्रत्येक फेजमधून साधारण साडेसात अँपिअर प्रवाह घेते. सुरू होण्याच्या क्षणी मात्र थेट जोडणीच्या स्टार्टरवर तीच मोटर याच्या सहापट, म्हणजे पंचेचाळीस अँपिअरच्या आसपास घेते. उसाने भरलेली बैलगाडी जागची हलवताना बैलांना सगळं अंग लोटावं लागतं, चाक एकदा फिरलं की तीच गाडी ते चालीत ओढतात, तसंच हे. मोटरीचा आतला भाग थांबलेला असतो तोवर बाहेरच्या फिरत्या चुंबकीय क्षेत्राचा त्याच्यावर पूर्ण वेगाने मारा होतो आणि त्यात प्रचंड प्रवाह निर्माण होतो. तो वेग पकडत जातो तसा हा फरक कमी होतो नि प्रवाह उतरतो. दोन-चार सेकंदांचाच मामला.

आता १०० केव्हीएची एक डीपी घ्या. तिची प्रत्येक फेजची क्षमता साधारण १३३ अँपिअर. तिच्यावर पाच एचपीच्या पंधरा मोटरी आहेत असं समजा. सगळ्या चालू असताना पंधरा गुणिले साडेसात, म्हणजे सुमारे ११२ अँपिअर. डीपी हे ओझं आरामात पेलते. पण सगळ्यांना ऑटो लावलाय आणि लाईट आली, तर पंधराही मोटरी एकाच क्षणी उठतात. पंधरा गुणिले पंचेचाळीस: ६७५ अँपिअर. क्षमतेच्या पाचपट.

इथून पुढे एक दुष्टचक्र सुरू होतं. एवढ्या ओढीने व्होल्टेज पडतं. मोटरीचा फिरण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. व्होल्टेज एक पंचमांशाने पडलं तर जोर एक तृतीयांशाहून जास्त घटतो. जोर घटला की वेग पकडायला वेळ लागतो, आणि वेग पकडेपर्यंत प्रवाह चढाच राहतो. दोन सेकंदांचं काम दहा-पंधरा सेकंदांवर जातं. मग कधी डीओ, म्हणजे डीपीवरचा फ्यूज, उडतो, कधी केबल वितळते, कधी मोटर भरून आणायची वेळ येते. आणि हे दिवसातून चार-पाच वेळा, हंगामभर होत राहिलं की डीपीचं आतलं इन्सुलेशन करपत जातं नि एक दिवस डीपी जळते. ऐन उन्हाळ्यात पीक वाळत असताना दुसरी डीपी येईपर्यंत काय हाल होतात, ते गावात विचारा.

फोनमधला सूर

मोबाईलवरच्या पेटीने नेमकं इथेच वेगळं काय केलं? तिने हिरवं बटण दाबणारं बोट मालकाच्या हाती ठेवलं, फक्त ते दीड किलोमीटर लांब केलं.

फोनवर बोलताना एखादा आकडा दाबला की एक सूर ऐकू येतो. तो सूर एकेरी नसतो, दोन सुरांची जोडी असते. फोनचे आकडे चार आडव्या ओळींत आणि तीन उभ्या रांगांत मांडलेले आहेत. प्रत्येक ओळीला एक खालचा सूर नेमून दिलाय, प्रत्येक रांगेला एक वरचा. ५ दाबला तर त्याच्या ओळीचा सेकंदाला ७७० कंपनांचा सूर आणि त्याच्या रांगेचा १३३६ कंपनांचा सूर असे दोन्ही एकदम वाजतात. १ दाबला तर ६९७ आणि १२०९. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने ही पद्धत तयार केली आणि १९६३ साली तिथल्या लोकांच्या घरच्या फोनमध्ये ती आली. तिचं तांत्रिक नाव डीटीएमएफ.

दोन सूर का? एकच सूर असता तर बोलताना, शीळ घालताना किंवा मागे कुत्रं भुंकताना तो चुकून लागला असता. नेमक्या त्या दोन उंचीचे दोन सूर एकाच वेळी, सारख्याच जोराने, ठरावीक काळ वाजणं माणसाच्या गळ्यातून सहसा घडत नाही. म्हणून विहिरीवरची पेटी वाऱ्याच्या आवाजाने फसत नाही. मोबाईलमध्ये तर आणखी एक गंमत आहे. आकडा दाबल्यावर तुमचा फोन सूर पाठवतच नाही. तो टॉवरला फक्त ‘५ दाबला’ असा निरोप देतो नि सूर कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये तयार होऊन पुढे जातो.

पलीकडे काय होतं? सुरुवातीच्या काळातल्या पेट्यांमध्ये एक साधा हँडसेट असे. हेडफोन लावलेला असला की आलेला फोन आपणहून उचलायची सोय त्या हँडसेटमध्ये होतीच. हेडफोनच्या पिनेतून येणारा आवाज कानात न जाता एका चिपमध्ये जातो. ती चिप सुरांची जोडी ओळखते आणि कुठला आकडा आला ते सांगते. ठरलेला आकडा असेल तर एका रिलेला, म्हणजे छोट्या विजेवर चालणाऱ्या स्विचला, इशारा जातो. रिले क्षणभर मिटतो. तो हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असल्याने कॉईलला वाटतं बटण दाबलं. खट्ट! बंद करायला दुसरा रिले लाल बटणाच्या वाटेवर बसवलेला असतो. आवाजाने मोटर फिरत नाही, हे आता लक्षात आलं असेल. आवाज चिपला जागा करतो, चिप रिलेला, रिले कॉईलला आणि कॉईल मोटरीला. दर पायरीला थोडी वीज जास्त विजेचं दार उघडते.

पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी या कल्पनेवर ‘नॅनो गणेश’ हे यंत्र बनवलं आणि २००९ साली नोकिया कंपनीच्या नवसंशोधकांच्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. आज अशा पेट्या अनेक कंपन्या बनवतात. बऱ्याच पेट्यांत हँडसेटच्या जागी थेट सिम घालायची सोय असते. काही मिस्ड कॉलवरच काम करतात: नंबर ओळखीचा असेल तर फोन न उचलताच मोटर सुरू, मालकाला खर्च शून्य.

या यंत्राच्या यशात एका सरकारी निर्णयाचाही वाटा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. २००३ च्या मे महिन्यापर्यंत आपल्याकडे मोबाईलवर आलेल्या फोनचेही पैसे पडत. त्यानंतर इनकमिंग फुकट झालं. विहिरीवरचा फोन तर नुसता इनकमिंग घ्यायलाच बसलेला असतो! त्यामुळे तो ठेवणं परवडू लागलं. पुढे २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी इनकमिंग चालू ठेवायलाही किमान रिचार्जची अट घातली, आणि आता मोटरीच्या सिमचा रिचार्ज हा शेतीखर्चातला एक कायमचा आकडा होऊन बसला आहे.

चौकट: चांगल्या पेटीने कशावर नजर ठेवावी

- तिन्ही फेज आहेत का? एक जरी गेली तरी मोटर बंद.
- व्होल्टेज फार कमी किंवा फार जास्त नाही ना?
- प्रवाह ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला का? पंप अडकला असेल.
- प्रवाह मर्यादेच्या खाली आला का? पाणी संपलं असेल.
- फोन करणारा नंबर नोंदवलेला आहे का? नसेल तर हुकूम मानू नये.

तार सगळं सांगते

पाणी संपल्याचं पेटीला कसं कळतं, हा दुसरा प्रश्न. सेंट्रिफ्यूगल पंप आतल्या चक्राने पाणी गरगर फिरवून बाहेर फेकतो, आणि मोटरीची ताकद या फेकण्यात खर्च होते. पाणी नसेल तर चक्र हवेतच फिरतं, काम उरत नाही. मग मोटर प्रवाहही कमी ओढते. साडेसातच्या जागी चार-साडेचार अँपिअर दिसायला लागले की समजायचं, एक तर पाणी तळाला गेलं किंवा फूटवॉल्व्हने हवा धरली. पेटीतल्या एका फेजच्या तारेभोवती छोटी कडी बसवलेली असते. तारेला न चिकटता ती नुसत्या चुंबकीय परिणामावरून प्रवाह मोजते. प्रवाह ठरलेल्या मर्यादेखाली काही सेकंद राहिला की रिले मोटर बंद करतो.

मला यातलं संशोधन इथे सर्वांत सुंदर वाटतं. विहिरीत तरंगणारा सेन्सर सोडता आला असता. पण त्यावर शेवाळ चढतं, त्याची वायर उंदीर कुरतडतात, पुरात तो वाहून जातो. पत्र्याच्या पेटीत, कोरड्यात बसलेली एक कडी विहिरीच्या तळाची बातमी देते.

तीच कडी एक फेज गेल्याचंही सांगते. चालत्या मोटरीची एक फेज उडाली तर उरलेल्या दोन फेजवर भार येतो आणि त्यांच्यातला प्रवाह सुमारे १.७३ पट होतो. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे तिप्पट. मोटर थांबत नाही, घुमत राहते, आणि थोड्याच वेळात जळक्या वार्निशचा वास येतो. मोबाईलची पेटी घेताना दुकानदार फोनच्या करामती आधी दाखवतो. शेतकऱ्याने आधी विचारावं ते या संरक्षणाबद्दल. मोटर भरायचा खर्च इथेच वाचतो.

सौरपंप: ऊन निम्मं, पाणी शून्य

रात्रीच्या लाईटवर खरा उपाय दिवसाची वीज हाच आहे. महाराष्ट्राने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. यात उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची असते. इथे शेतकऱ्याची मोटर, स्टार्टर, मोबाईलची पेटी, सगळं तेच राहतं. दुसरी वाट स्वतंत्र सौरपंपाची. तिच्याबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘ढग आला की मोटर फिरताना ऐकू येते, पण पाणी येत नाही. कंपनीने फसवलं.’

बहुतेक वेळा फसवणूक नसते, गणित असतं. सौरपंपाचा कंट्रोलर ऊन कमी झालं की मोटरीचा वेग कमी करतो. पंपाची पाणी वर चढवायची कुवत मात्र वेगाच्या वर्गाने घटते. समजा पूर्ण वेगात एखादा पंप पाणी जास्तीत जास्त ४० मीटर चढवू शकतो आणि तुमची विहीर २५ मीटर खोल आहे. वेग पाच-अष्टमांशावर आला तर पंप फक्त १५-१६ मीटर चढवेल. अगदी वेग चार पंचमांशावर आला तरी कुवत ४० वरून साडेपंचवीस मीटरवर येते, म्हणजे पाणी कसंबसं पाइपाच्या तोंडापर्यंत पोचतं आणि तिथेच थबकतं. आणि पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने बदलते, त्यामुळे चार पंचमांश वेगाला साधारण निम्मी शक्ती लागते. म्हणून ऊन निम्मं झालं की पाणी निम्मं होत नाही, धारच तुटते.

यावरून सौरपंप घेताना काय पाहायचं तेही ठरतं. एचपीचा आकडा पुरेसा नाही. उन्हाळ्यातली पाण्याची पातळी, तिथून टाकीपर्यंतची उंची आणि पाइपाची लांबी आधी सांगायची, आणि त्या उंचीच्या बरीच वर कुवत असलेला पंप मागायचा. तीन एचपीचा पंप शेजाऱ्याच्या बारा मीटर विहिरीवर छान चालतो, म्हणून तुमच्या खोल बोअरवर चालेल असं नाही.

डीपीखालची बैठक

मोबाईलच्या पेटीने पाट बदलता येत नाही. मोकाट पाणी देणाऱ्याला दारं धरायला जावंच लागतं. या पेटीचा पुरा फायदा ठिबकवाल्याला. आणि मोटर चालू करणं जितकं सोपं, तितकं पाणी उपसणंही सोपं होतं, हेही खरं. पण पूर्वी परत जायचा कंटाळा म्हणून मोटर रात्रभर चालू राहायची, ती आता वेळेवर बंद करता येते. माझा कौल या पेटीच्या बाजूने आहे.

ज्यांच्याकडे अजून ऑटो आहे त्यांना एक विनंती. एका डीपीवरच्या सगळ्यांनी एकदा एकत्र बसा. वेळ लावायची सोय असलेले ऑटो घ्या आणि क्रम ठरवा: पहिली मोटर लाईट आल्याबरोबर, दुसरी अर्ध्या मिनिटाने, तिसरी एका मिनिटाने. पंधरावी मोटर सात मिनिटांनी सुरू होईल. सगळ्यांनी एकच वेळ लावली तर सगळ्या पुन्हा एकदमच उठतील, तेवढं सांभाळा. आणि पाच एचपीच्या मोटरीला साधारण २ केव्हीएआरचा कॅपॅसिटर बसवून घ्या. मोटरीला चुंबकत्वासाठी लागणारा, काम न करता तारांतून येरझारा घालणारा प्रवाह तो जागच्या जागी पुरवतो. मोटरीमागे एक अँपिअरच्या आसपास बचत होते. पंधरा मोटरींची मिळून ती आणखी दोन मोटरी चालतील एवढी होते. जोडणी मात्र लायसनवाल्या वायरमनकडूनच, डीपी बंद करून घ्या.